गाडी ओढेल हो, पण पेलेल का?

उसाच्या सीझनमध्ये सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यावर हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. मागे उसाने गच्च भरलेली ट्रॉली, आणि चढ लागला की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! आपण लगेच मोबाइल काढून रील करतो. पण पुढची चाकं जमिनीवर नसली, की ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंग फक्त शोभेचं उरतं.

हेच गणित मला गेल्या महिन्यात थेट अमेरिकेतून ऐकायला मिळालं. माझा मावसदादा डेनव्हरला असतो. त्याच्याकडे शेव्हरोले सबर्बन आहे. 1935 पासून याच नावाने विकली जाणारी, आठ जण ऐसपैस बसतील अशी भलीमोठी गाडी. मावशी तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार म्हणून दादाने प्लॅन केला : बेड, किचन, बाथरूम असलेला ट्रेलर घ्यायचा, गाडीला जोडायचा आणि रॉकी पर्वत ओलांडून युटाला जायचं. सामानासकट ट्रेलरचं वजन 3,400 किलो. ट्रेलर विकणारा म्हणाला, ‘‘तुमची गाडी सहज ओढेल.’’ ब्रोशरमध्येही ओढण्याची क्षमता साडेतीन टनांच्या वर लिहिलेली. मग अडचण काय?

आकडा कोणाचा?

तुम्हीही एमएससाठी तिकडे जायच्या तयारीत असाल, तर हे वाचून ठेवा. ब्रोशरमधला आकडा थापेबाजी नसतो. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने त्यासाठी टेस्ट ठरवून दिली आहे. ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांबच लांब चढ, रणरणतं ऊन, एसी फुल आणि मागे ट्रेलर. पण या टेस्टमध्ये गाडीत माणसं धरतात दोनच, तीही 68-68 किलोंची! फॅमिली गाडीत फॅमिलीच नाही.

खरा आकडा असतो ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या स्टिकरवर. माणसं आणि सामान मिळून गाडीने किती वजन पेलायचं, ते तिथे किलोमध्येही लिहिलेलं असतं. दादाच्या गाडीवर होतं 725 किलो.

आता हिशेब करा. ट्रेलर आपलं सगळं वजन स्वतःच्या चाकांवर पेलत नाही. साधारण 10 ते 15 टक्के वजन तो गाडीच्या हुकावर टाकतो. 3,400 किलोंचे 12 टक्के धरले, तर 408 किलो. जोडणीचं लोखंडी सामान 45 किलो. उरले 272. दादा, वहिनी, दोन मुलं आणि मावशी मिळून 285. म्हणजे एकही बॅग न ठेवता गाडी ओव्हरलोड!

मग अपग्रेड करू या ना!

दादानेही हेच म्हटलं. पार्ट्सची यादी तयारच होती. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खरंच कामाच्या आहेत.

पहिली, वजन वाटून देणारा हिच. हुकावरच्या भाराने गाडीचं बूड खाली जातं आणि नाक वर येतं, आपल्या ट्रॅक्टरसारखंच. या हिचचे स्प्रिंगचे दांडे त्यातला काही भार पुढच्या चाकांकडे ढकलतात, म्हणून स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट धरतात.

दुसरी, ब्रेक कंट्रोलर. एवढ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो कायदा आहे. डॅशबोर्डजवळच्या या छोट्या डब्यातून ते चालतात. ट्रेलर मागे डुलायला लागला, तर गाडीचा ब्रेक कचकन दाबायचा नसतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरचा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.

तिसरी, गिअरबॉक्सच्या तेलासाठी मोठा कूलर. डेनव्हरहून पश्चिमेला जाणारा आय-70 हायवे आयझेनहॉवर बोगद्यापाशी 11,000 फुटांच्या वर चढतो. भार ओढत एवढं चढताना गिअरबॉक्सचं तेल तापतं आणि गिअरबॉक्स जळू शकतो. उतरताना मात्र कूलर कामाचा नाही. तिथे आपल्या बोरघाटाचाच नियम : गिअर खालचा, ब्रेकवर पाय सतत नाही.

यादीतली चौथी गोष्ट होती मागच्या सस्पेन्शनमध्ये बसवायच्या एअरबॅग. हवा भरली की बसलेली गाडी टकाटक वर. दादा याच भरवशावर होता. पण आपल्याकडे पिकअपला जादा पाटे टाकून घेतात ना, तसलाच हा प्रकार. गाडी वर दिसते, पण ॲक्सल तोच, चाकं तीच, ब्रेक तेच. स्टिकरवरचे 725 एका किलोनेही वाढत नाहीत. उलट गाडी बसलेली दिसत नाही, त्यामुळे धोकाही दिसत नाही.

वजनकाट्याचा निकाल

शेवटी दादाने काय केलं? हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, आपल्या साखर कारखान्यावर असतो तसा. सगळ्यांना गाडीत बसवून तो तिथे गेला. रिकाम्या रस्त्यावर मस्त पळणारी गाडी माणसांनीच किती भरते, ते कागदावर आलं.

मोठा ट्रेलर कॅन्सल झाला. सामानासकट 2,300 किलोंचा छोटा ठरला. त्याचा हुकावरचा भार 276 किलो. सगळे बसूनही 119 किलो शिल्लक. हिच, कंट्रोलर आणि कूलर घेतला. एअरबॅग यादीतून कटाप. मोठाच ट्रेलर हवा असता, तर हेवी-ड्युटी पिकअप घ्यावा लागला असता.

‘‘मुलं नाराज झाली असतील ना?’’ मी विचारलं.

‘‘झाली ना. वरचा बंकबेड गेला त्यांचा,’’ दादा म्हणाला. ‘‘पण अगं, त्या घाटात मागच्या सीटवर आई बसणार होती.’’

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘गाडी आरामात ओढेल’ म्हणालं, मग ते डेनव्हरला असो नाहीतर तुमच्या गावात, तर ऐकून घ्या. आणि मग दार उघडून स्टिकर वाचा.