गोरखचिंच : तोडणीने झाड मरतं का?

साल सोललेल्या बाओबाबचा फोटो दिसला की पाहणाऱ्याचा निवाडा ठरलेला असतो : गावकरी झाड मारताहेत. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. वसईच्या किल्ल्यात तिची झाडं आहेत, पण तिचं माहेर आफ्रिका. सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतापर्यंतच्या कोरड्या माळरानांत माणसं तिची पानं, साल, फळं, बिया असं सगळंच वापरतात. यातलं काय काढलं, किती काढलं आणि कोणत्या वयाच्या झाडाचं काढलं, यावर सगळं अवलंबून आहे. ते न तपासता केलेला आरोप त्या झाडावर पोट भरणाऱ्यांच्या माथी जातो.

‘साल सोलली की झाड मेलं’ हे बहुतेक झाडांबाबत खरं आहे. बुंध्याभोवती पूर्ण कडं सोललं तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. बाओबाबच्या लाकडात मात्र जिवंत, पाणीदार पेशी प्रचंड प्रमाणात असतात आणि उघड्या पडलेल्या भागावर त्यांच्यातूनच नवी साल धरते. झिंबाब्वेत सावे नदीच्या खोऱ्यात आतल्या सालीचे धागे काढून चटया आणि टोप्या विणतात. काही वर्षांनी साल भरून आली की त्याच झाडाची पुन्हा काढतात. म्हणून कितीही सोलावं असं नव्हे. नवी साल खडबडीत येते आणि भरायला वेळ न देता पुन्हा सोलत राहिलं तर झाड खचतं. पण विळ्याने वरची साल काढणं आणि हत्तीने सुळे खुपसून आतलं लाकूड उकरणं यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात झाडं खरोखर कोसळतात.

पानांबद्दलचा गैरसमज नेमका उलटा आहे. ‘पानं काय, पुन्हा फुटतील’ असं वाटून तिकडे कोणी लक्ष देत नाही. माली, बुर्किना फासो, बेनिन, उत्तर नायजेरिया या पट्ट्यात वाळवलेल्या पानांची पूड रोजच्या कालवणात पडते. हौसा लोक तिला कुका म्हणतात. पानांसाठी दरवर्षी फांद्या छाटल्या की फुलं येत नाहीत, आली तरी फळं मोजकीच धरतात. झाड उभं राहतं, हिरवं दिसतं, पण बी तयार होत नाही. मला हे नुकसान सालीपेक्षा जास्त गंभीर वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. यावर एक चांगला उपाय तिथे रुजतो आहे : दाट वाफ्यात बी पेरून कोवळ्या रोपांचीच पानं खुडायची आणि मोठी झाडं मोकळी सोडायची.

2008 मध्ये युरोपियन युनियनने फळाच्या गराला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिली, तेव्हा फळं वेचूनच झाड संपेल अशी भीती व्यक्त झाली. लिंपोपोतल्या वेंडा भागात सारा वेंटर आणि एड विटकोव्स्की यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांच्या गणितानुसार फळं काढण्याचा झाडांच्या एकूण संख्येवर फारसा परिणाम होत नाही. इतक्या दीर्घायुषी झाडाचं भवितव्य एखाद्या वर्षाच्या बियांवर ठरत नाही, मोठी झाडं टिकण्यावर ठरतं. फळ न धरणाऱ्या झाडाला काही ठिकाणी ‘नर’ म्हणतात, तेही चूक. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. काही झाडं फक्त कमी फळतात.

मग धोका कुठे आहे? लहान रोपांत. कोवळ्या रोपाची पानं साधी असतात, मोठ्या झाडासारखी पंजाच्या आकाराची नसतात, म्हणून ती ओळखूच येत नाहीत आणि ‘बाओबाबला पिल्लंच नसतात’ असा समज पसरतो. रोपं उगवतात, शेळ्या आणि गुरं ती खाऊन टाकतात. जोडीला दुष्काळ. दक्षिणेच्या कोरड्या भागात पहिलं फळ धरायला शंभराहून अधिक वर्षं लागू शकतात, त्यामुळे आज जगली नाहीत अशा रोपांची उणीव आपल्या नातवंडांच्याही नंतर जाणवेल.

2018 मध्ये एड्रियन पात्रुत आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सर्वांत जुन्या 13 बाओबाबांपैकी 9 झाडं 2005 नंतर पूर्णपणे किंवा अंशतः कोसळली. त्याचा ठपका त्यांनी साल काढणाऱ्यांवर ठेवलेला नाही. कोणत्या रोगाचीही लक्षणं दिसली नाहीत. बदलत्या हवामानाचा संशय आहे, तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

वेंडात फळं गोळा करणाऱ्या बायकांनीच आता घराच्या आवारात, कुंपणाच्या आत रोपं वाढवायला घेतली आहेत. जनावरांचं तोंड पोचणार नाही इतकी उंच होईपर्यंत रोप जपलं की त्याचा मोबदला त्यांना मिळतो.