विश्लेषण : एकच मेल सर्व्हर, अनेक डोमेन, मग मेल ‘स्पॅम’मध्ये का जातात?

एखादा व्यावसायिक नव्या नावाने दुसरा उद्योग सुरू करतो. नवे डोमेन घेतले जाते आणि जुन्याच मेल सर्व्हरवर त्याचे ईमेल सुरू होतात. येणारे मेल व्यवस्थित येतात. पाठवलेले कोटेशन मात्र ग्राहकाच्या स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडते. ऑर्डर हातची जाते आणि कारण कळत नाही. असे का होते?

एका सर्व्हरवर अनेक डोमेन कसे चालतात?

एकाच टपाल कार्यालयातून अनेक गावांचे टपाल वाटले जाते, तसेच हे. कोणत्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचे, हे डीएनएसमधील ‘एमएक्स’ नोंद सांगते. दहा डोमेनच्या नोंदींत एकाच सर्व्हरचे नाव असले तरी चालते. मात्र तेथे आयपी पत्ता लिहून चालत नाही, सर्व्हरचे नावच लागते.

सर्व्हरवर काय बदलावे लागते?

१९९८ मध्ये खुल्या झालेल्या ‘पोस्टफिक्स’ या मोफत प्रणालीत दोन प्रमुख मार्ग आहेत. ‘व्हर्च्युअल एलियास’मध्ये नव्या पत्त्यावरचे मेल जुन्या खात्याकडे वळवले जातात. ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स’मध्ये प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र पेटी मिळते. दोन्ही डोमेनवर ‘इन्फो’ हा पत्ता असेल आणि मेल वेगळे ठेवायचे असतील, तर दुसरा मार्ग सोयीचा. हे डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ यादीत मात्र ठेवू नये. तसे केल्यास सर्व्हर ते स्वतःचे स्थानिक डोमेन समजतो आणि ‘असा वापरकर्ता नाही’ म्हणत मेल नाकारू शकतो.

मग मेल स्पॅममध्ये का?

कारण सर्व्हर एक असला, तरी ओळखपत्र प्रत्येक डोमेनचे वेगळे लागते. ‘एसपीएफ’ नोंद त्या डोमेनचे मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे ते सांगते. ‘डीकेआयएम’ म्हणजे मेलवरची डिजिटल सही. या दोन्हींपैकी एक तरी तपासणी ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनच्या नावाने उत्तीर्ण झाली का, हे ‘डीमार्क’ पाहते. जुन्या डोमेनची ओळख नव्याला उपयोगी पडत नाही.

गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम आवश्यक झाले. दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी ‘पीटीआर’ नोंदही हवी. ती मात्र सर्व डोमेनसाठी मिळून एकच पुरते.

कोणती काळजी घ्यावी?

एका डोमेनसाठी एसपीएफची एकच नोंद ठेवावी. दोन झाल्या, तर तपासणीच फसते. चुकीच्या पत्त्यांवरचे सगळे मेल स्वीकारणारी ‘कॅच-ऑल’ सोय टाळावी, तिने स्पॅमचा ढीग साचतो. पासवर्डबाबत हयगय नको. एका खात्यातून स्पॅम सुटले, की आयपी काळ्या यादीत जातो आणि त्याचा फटका सर्व्हरवरील सगळ्या डोमेनना बसतो.

तपासायचे कसे?

नव्या डोमेनवरून स्वतःच्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवा. संगणकावर तो उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले, की मगच ग्राहकांना कोटेशन धाडा.