साखर कारखान्यांचे वित्तीय नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक विवेचन

प्रस्तावना :
उद्योगसंस्थेचे वित्तीय नियोजन म्हणजे येणाऱ्या काळातील जमा, खर्च व रोख रकमेचा आधीच बांधलेला अंदाज होय. तो अंदाज प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहणे आणि तफावतीचे कारण शोधणे हा त्याचाच पुढचा भाग. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' हा संगणकीय तक्ता आला आणि आकडेमोडीचे श्रम कमी झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता अंदाज बांधण्याची रीतच बदलू लागली आहे. रहिमतपूरसारख्या ऊसपट्ट्यातील अभ्यासकाला हा बदल साखर कारखान्याच्या उदाहरणातून चांगला समजू शकतो.

नियोजनाची अडचण :
कारखान्याचे गाळप साधारणतः चार-पाच महिन्यांत उरकते. साखरेची विक्री मात्र केंद्र शासनाच्या मासिक कोट्यानुसार वर्षभर चालते. दुसरीकडे, ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊसबिल १४ दिवसांत द्यावे लागते व विलंबावर वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. मधली तूट प्रामुख्याने साखर तारण कर्जातून भागविली जाते. म्हणूनच गाळप व साखर उतारा यांचा अंदाज हा ताळेबंदाचा पाया ठरतो. उदाहरणादाखल, १० लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याने ११.५ टक्के उतारा गृहीत धरला आणि प्रत्यक्षात तो ११ टक्के आला, तर ५,००० टन साखर कमी होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरविलेल्या किलोमागे ३१ रुपये या किमान विक्री दराने ही रक्कम १५.५० कोटी रुपये होते.

बदलाचे स्वरूप :
पारंपरिक पद्धतीत शेती विभागाकडील ऊस नोंद, उसाची जात, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा असे क्षेत्र आणि मागील वर्षांची सरासरी यांवरून हंगामापूर्वी अंदाज बांधला जातो. यंत्र-अध्ययनाच्या पद्धतीत याच नोंदींना उपग्रह प्रतिमा, पर्जन्यमान व तोडणीच्या तारखा यांची जोड देता येते आणि अंदाज दर आठवड्याला सुधारता येतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत असे तंत्रज्ञान वापरून पाहिले आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता धोरण स्वीकारले. शेतातील ही माहिती लेखा विभागापर्यंत पोहोचली, तर कोणत्या आठवड्यात रोख रक्कम अपुरी पडेल हे आधी कळू शकते. तफावतीवरील टिपणाचा मसुदाही यंत्र काही क्षणांत तयार करते.

मर्यादा :
यंत्र शिकते ते मागील आकड्यांवरून. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातील ऊस पाण्याखाली गेला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर अचानक निर्बंध आणले. ते पुढे २०२४ मध्ये उठविण्यात आले. अशा घटनांचा माग केवळ जुन्या आकड्यांत सापडत नाही. मूळ ऊस नोंदच सदोष असेल, तर अंदाजही सदोष निघतो. शिवाय भाषिक प्रारूप तफावतीचे जे कारण लिहून देते ते पटण्याजोगे असते, परंतु खरे असेलच असे नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने २०२५ च्या अहवालात वित्तीय क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी सात सूत्रे मांडली. उत्तरदायित्व हे त्यांपैकी एक. यंत्राच्या अंदाजावर कर्ज उचलले आणि तो चुकला, तरी ऊस उत्पादकाला उत्तर संचालक मंडळ व वित्त विभागालाच द्यावे लागणार.

निष्कर्ष :
वाणिज्य शाखेत आपण अंदाजपत्रक शिकवितो ते दिलेल्या आकड्यांचे गणित म्हणून. ते गणित आता यंत्र करते. आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे, ते गृहीतक केव्हा मोडते आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे अधिक गरजेचे झाले आहे. यंत्राने केलेला एखादा अंदाज वर्गात देऊन त्यामागील गृहीतके शोधून काढण्याचा स्वाध्याय कोणत्याही खर्चाविना घेता येईल. आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे शुल्क ऊसबिल जमा झाल्यावरच भरले जाते. त्यामुळे हा प्रश्न त्यांना समजावून सांगणे अवघड जाऊ नये.