चॉकलेटची पेटी आणि मजुराचा हक्क

ईदच्या भेटीत आता मिठाईबरोबर चॉकलेटची पेटीही येते. कळंबला आलेली एक पेटी चाखली. चव कडसर, गोडी बेताची. वर छापलेले, 'शेतकऱ्यास रास्त भाव.'

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट व घाना येथे पिकतो. तिथे शेतात लहान मुलेही राबतात. हे थांबवण्याचा करार बड्या कंपन्यांनी २००१ साली केला. ते थांबलेले नाही. २०१९ मध्ये दोन्ही सरकारांनी शेतकऱ्यांसाठी टनामागे ४०० डॉलर जादा ठरवले.

कापूस पिकवणाऱ्या आपल्या तालुक्याला हे दुखणे नवे नाही. कापड महागते, पण कापसाचा भाव शेतकऱ्याच्या हाती नसतो.

व्यापारी बंधूंनो, पेटी घेताना घटक वाचा. काही चॉकलेटांत दारू असते. रास्त भावाची तपासणी त्रयस्थ संस्थेने केली आहे का, तेही पाहा. मजुरी वेळेवर द्यावी, ही हुजूर (स.) यांची ताकीद कोकोच्या शेतालाही लागू आहे आणि आपल्या दुकानालाही.