ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी ब्रेकची निवड

भरलेली बैलगाडी उताराला लागली की जू बैलांच्या मानेवर पुढे सरकते आणि गाडी बैलांच्या अंगावर येते, हा अनुभव प्रत्येक गाडीवानास असतो. म्हणूनच तो उताराच्या तोंडाशी खाली उतरून बैलांपुढे उभा राहतो. ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट घडते. मात्र ट्रॅक्टरला मान नसल्यामुळे तो तक्रार करीत नाही आणि चालकास धोक्याची जाणीव फार उशिरा होते.

नवी ट्रॉली घेताना शेतकरी पत्र्याची जाडी पाहतो, टायर पाहतो, फाळके किती उंच आहेत ते पाहतो. ट्रॉलीखाली वाकून ब्रेक आहे की नाही हे पाहणारे थोडे. ट्रॅक्टरचा ब्रेक दोघांनाही पुरेल अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत कितपत खरी आहे, हे हिशेबानेच पाहावे.

ट्रॅक्टरचे वजन 2 टन व उसाने भरलेल्या चारचाकी ट्रॉलीचे वजन 10 टन धरू. सर्वसाधारण ट्रॅक्टरचे ब्रेक मागील दोन चाकांनाच असतात व त्या चाकांवर सुमारे 1.3 टन भार असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाची पकड त्याच्यावरील भाराच्या सहा दशांश धरली, तर ट्रॅक्टर जास्तीत जास्त पाऊण टनाच्या आसपास रोधशक्ती देऊ शकतो. ब्रेक कितीही नवे असले तरी यापुढे चाके फक्त घसरतात. एवढ्याशा शक्तीने 12 टन थांबवायचे असतात. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा रिकामा ट्रॅक्टर चार-पाच मीटरांत थांबतो; ट्रॉलीसह तोच ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर 20 मीटर घेतो. 20 मीटरला 1 मीटर असा साधा उतार असेल तर 45 मीटर लागतात. रस्ता ओला असल्यास हेच अंतर 100 मीटरांच्या पुढे जाते, आणि 15 मीटरला 1 मीटर उताराच्या ओल्या रस्त्यावर वाहन थांबतच नाही. वेग दुप्पट झाल्यास थांबण्याचे अंतर चौपट होते, हे वेगळेच. उलट, ट्रॉलीच्या चाकांना स्वतःचे चांगले ब्रेक असतील तर सपाटीवर हेच 12 टन सहा-सात मीटरांत उभे राहतात.

दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्यामुळे मागील चाकांची पकड थोडी वाढते. परंतु त्याच भाराने पुढील चाके हलकी होऊन सुकाणू सैल पडते. तेव्हा हा फायदा मानू नये.

सारांश, ट्रॉलीने स्वतःच थांबले पाहिजे. आता प्रश्न उरतो तो कोणत्या प्रकारचा ब्रेक घ्यावा याचा.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे ढकलीचा ब्रेक. ट्रॅक्टर मंद झाला की ट्रॉली पुढे रेटते. तिच्या दांडीतील सरकता भाग आत जातो आणि सळईच्या साहाय्याने ड्रममधील लायनर दाबले जातात. ट्रॅक्टरपासून नळी किंवा तार लागत नसल्याने ही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला जोडता येते. भाड्याने ट्रॉली देणाऱ्यास ही मोठी सोय आहे. परंतु लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत राहते, ड्रम तापतो व पकड कमी होते. मागे घेताना ब्रेक आपोआप लागतो, म्हणून अटकाव करणारी खीळ घालावी लागते. ती पुन्हा काढण्यास विसरल्यास ब्रेक असून नसल्यासारखा. युरोपात मोटारीमागील ट्रेलरना हा प्रकार साडेतीन टनांपर्यंतच चालतो, यावरून त्याची मर्यादा ध्यानात यावी. शेणखत, चारा, बियाणे यांच्या हलक्या वाहतुकीस तो पुरेसा आहे. कारखान्याच्या उसास नाही.

अवजड ओझ्यासाठी तेलाच्या दाबाचा अथवा हवेचा ब्रेक घ्यावा. तेलाच्या ब्रेकसाठी ट्रॅक्टरवर ट्रॉलीच्या ब्रेकचा स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. पाय जितका दाबला जाईल तितकाच दाब ट्रॉलीकडे पाठविणे हे त्याचे काम. काही ठिकाणी ट्रॉलीची नळी लिफ्टच्या बाजूच्या लिव्हरला जोडून खर्च वाचविण्याचा मोह होतो. तो टाळावा. लिव्हरने पूर्ण दाब एकदम जातो, चाके जागीच अडकतात, आणि आणीबाणीच्या क्षणी चालकाचा एक हात सुकाणूवरून निघालेला असतो.

हवेच्या ब्रेकसाठी इंजिनावर हवा भरणारा पंप व साठवणीची टाकी लागते. खर्च अधिक; पण दोन नळ्यांच्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. ट्रॉली सुटली किंवा हवा पुरविणारी नळी तुटली, तर तिचे ब्रेक आपोआप लागतात. टाकीत साचणारे पाणी मात्र रोज सोडावे.

अमेरिकेत पिकअप गाडीमागील ट्रेलरना विजेचे ब्रेक लावण्याची रीत आहे. चालकाजवळील एक लहान नियंत्रक 12 व्होल्टच्या बॅटरीतून चाकांतील विद्युतचुंबकास प्रवाह देतो. काही नियंत्रक ठराविक वेळाने प्रवाह वाढवितात, तर काही गाडी किती वेगाने मंदावते त्याच्या प्रमाणात. दुसरा प्रकार घेणे बरे. ट्रेलर सुटल्यास त्याच्यावरील छोटी बॅटरी ब्रेक लावते. विजेचे जोड चिखल व पाणी यांपासून जपावे लागत असल्याने शेतरस्त्यावरील ट्रॉलीस ही पद्धत गैरसोयीची आहे. परंतु तिच्यातील दोन गोष्टी कोणत्याही ब्रेकमध्ये पाहून घ्याव्यात: जोर ओझ्याप्रमाणे बदलतो का, आणि ट्रॉली सुटल्यास काय होते.

दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढीलीस ब्रेक व मागीलीस नाही अशी जोडणी सर्वांत वाईट. मागील ट्रॉली रेटते आणि वळणावर सर्व वाहन कात्रीसारखे मिटते. दोन्हींस ब्रेक नसतील तर एकच ट्रॉली न्यावी. दोन खेपांचे डिझेल जाईल, इतकेच.

ब्रेक बसविल्यावर गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मोकळ्या पटांगणात चाचणी घडवून आणावी. प्रथम रिकामी, नंतर अर्धी, नंतर पूर्ण भरलेली ट्रॉली ताशी 15 किलोमीटरने आणून थांबवावी. ट्रॉली किंचित आधी धरली पाहिजे. ट्रॅक्टरला धक्का बसल्यास ब्रेक उशिरा लागत आहेत असे समजावे. थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन उष्णता अजमावावी. एक ड्रम थंड राहिला तर ते चाक काम करीत नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरची डावी-उजवी पेडले कडीने जोडलेली असावीत, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो. ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने उतार उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय जीवघेणी आहे. ट्रॉलीच्या रचनेत फेरबदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

गळीत हंगाम संपल्यावर ट्रॉली पावसात उभी राहते. ड्रमला गंज चढून लायनर चिकटतात. म्हणून खंडेनवमीस ट्रॅक्टरला हार घालण्यापूर्वी ट्रॉली जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवावे, ब्रेक दाबून ते अडते का आणि सोडल्यावर मोकळे होते का हे पाहावे, आणि मगच ती पहिल्या खेपेस काढावी.