टाकोचा खिमा आणि आपला मसाल्याचा डबा

मी कांजूरमार्गहून बोलते आहे. मुंबईच्या मध्य रेल्वेवर भांडुप आणि विक्रोळीच्या मधलं हे स्टेशन. इथल्या वस्तीतल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी करते. आमच्या गटातल्या बऱ्याच जणी तुमच्यासारख्याच गावाकडून आलेल्या. कोणी सातारची, कोणी जालन्याची, कोणी रत्नागिरीची. म्हणून आजचा विषय नावाने परका वाटला तरी रेडिओ बंद करू नका. आज आपण टाको करणार आहोत, आणि त्याचा मसालाही घरीच.

सुरुवात एका रिकाम्या पाकिटापासून झाली. आमच्या गटातली एक ताई पवईला स्वयंपाकाची कामं करते. तिथल्या बाईंनी तिला टाको करायला सांगितले आणि हातात मसाल्याचं पाकीट दिलं. पाकीट संपल्यावर ताईने ते फेकलं नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि शनिवारच्या बैठकीत माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, "मॅडम, यात काय काय आहे ते जरा वाचा." मी मागची बारीक अक्षरं वाचत गेले. मिरची, जिरं, मीठ, लसूण पावडर, कांदा पावडर, ओरेगॅनो, थोडी साखर, थोडा स्टार्च. निम्म्यावर येईपर्यंत बायका हसायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या डब्यातलंच!"

काकूंचं बरोबर होतं. टाको हा पदार्थ मेक्सिकोचा. मक्याची पातळ भाकरी, तिला तिकडे टोर्टिया म्हणतात, ती दुमडायची आणि आत मांस, भाजी, कोशिंबीर भरून हातात धरून खायची. कुरकुरीत कवच आणि आत मसालेदार खिमा हा प्रकार मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या मेक्सिकन लोकांकडून पसरला. आणि गंमत अशी की मका, मिरची, टोमॅटो ही तिन्ही पिकं मूळची त्याच बाजूची. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर ती आपल्याकडे रुजली. आज मिरचीशिवाय आपलं पान हलत नाही. टाकोही आपण तसाच आपलासा करू शकतो.

आता मसाला. अर्ध्या किलो खिम्याला पुरेल असं माप सांगते, कागद-पेन घ्या. चमचा म्हणजे चहाचा चमचा. बेडगी मिरचीचं तिखट तीन चमचे, जिरं भाजून केलेली पूड दोन चमचे, धणेपूड एक चमचा, मिरपूड अर्धा चमचा, सुकी लसूण पावडर एक चमचा, मीठ एक चमचा, साखर अर्धा चमचा, कॉर्नफ्लॉवर एक चमचा आणि ओरेगॅनो एक चमचा. ओरेगॅनो म्हणजे पिझ्झाबरोबर छोट्या पुडीत येतो तो सुका पाला. तो मिळाला नाही तर चिमूटभर ओवा हातावर चोळून घाला. चव अगदी तीच नाही येणार, पण जवळची येते. कॉर्नफ्लॉवर कशाला, तर खिम्याचा रस दाट होतो आणि टाकोतून गळत नाही.

मसाला साठवायचा असेल तर ओली लसूण अजिबात घालू नका, बुरशी धरते. जिरं-धणे भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच दळा. कोरड्या काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरून हा मसाला दोन-तीन महिने चांगला राहतो.

तिखट सुटं विकत घेत असाल तर एक सोपी परीक्षा करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चमचाभर तिखट टाका. रंगाच्या लाल रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर वरून रंग मिसळल्याची शंका घ्या. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळून बघा. खरखरीत लागला तर विटेची पूड असू शकते. जिरं तळहातावर चोळा, हात काळा झाला तर ते घेऊ नका.

आता खिम्याकडे येऊ. अमेरिकेतल्या कृतीत गोमांसाचा खिमा असतो. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हशीचं मांस, ज्याला मुंबईत "बड्याचं" म्हणतात, ते या बंदीत येत नाही. ज्यांच्या घरी चालतं ते परवानाधारक दुकानातून ते घेतात. बाकी मटण, चिकन, आणि शाकाहारी घरात सोयाबीनचा चुरा किंवा शिजवलेला राजमा. मसाला सगळ्यांना एकच.

खिमा घेताना मांस आधी धुवायला सांगा आणि डोळ्यांसमोर दळून घ्या. दळल्यावर धुतला तर चव जाते आणि पाणीही राहतं. खिम्याला सबंध तुकड्यापेक्षा जास्त जपावं लागतं. तुकड्याच्या फक्त बाहेरच्या बाजूला असलेले जंतू दळल्यावर आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिमा आणला त्याच दिवशी करा आणि पूर्ण शिजवा.

कढईत दोन पळ्या तेल तापवा. दोन बारीक चिरलेले कांदे परता, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून घाला. मग खिमा टाकून आच मोठी करा आणि उलथन्याने गुठळ्या फोडत राहा. सुटलेलं पाणी आटलं, गुलाबी रंग पूर्ण गेला, की मसाला आणि दोन चिरलेले टोमॅटो घाला. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. चिकनला दहा मिनिटं पुरतात, मटणाला वीस-पंचवीस. बड्याचा खिमा कुकरला तीन-चार शिट्ट्या करून घेतलेला बरा. शेवटी झाकण काढून कोरडा करा. पातळ खिमा टाकोला चालत नाही.

भाकरीसाठी एक वाटी मक्याचं पीठ, अर्धी वाटी कणीक, मीठ आणि चमचाभर तेल. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात, त्यामुळे त्यांचं पीठ चिकट होतं. आपलं मक्याचं पीठ तसं नसतं, दुमडलं की तडकतं. म्हणून कणीक मिसळायची आणि कडकडीत पाण्याने मळायचं, तांदळाच्या भाकरीला उकड काढतो तसं. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. तळहाताएवढ्या पातळ लाटा, तव्यावर दोन्हीकडून भाजा आणि गरम असतानाच आडव्या लाटण्यावर घडी घालून ठेवा. गार झाली की आकार धरते. कुरकुरीत हवी तर तशीच दुमडलेली थोड्या तेलात तळून काढा.

भरताना आधी खिमा, वर बारीक चिरलेला कोबी, मग कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू पिळलेली कोशिंबीर. वर चमचाभर चक्का. परदेशातल्या आंबट क्रीमची जागा तो छान भरून काढतो. इतक्या साहित्यात बारा टाको होतात.

आता आमची चूक सांगते, कारण खरं बोलायचं होतं ते त्याबद्दलच. एका सोसायटीच्या मेळाव्यात आम्ही टाकोचा स्टॉल लावला. एका पातेल्यात चिकनचा खिमा, दुसऱ्यात सोयाबीनचा. दोन्ही लालसर, दोन्हीला एकच मसाला, दिसायला जुळ्या बहिणी. सुरुवातीला पळ्या वेगळ्या होत्या. गर्दी वाढली तशी एक पळी खाली पडली आणि मीच म्हणाले, "चालू द्या एका पळीवर, नंतर बघू." थोड्या वेळाने एक आजी आल्या, माळकरी. त्यांनी विचारून, खात्री करून सोयाबीनचा टाको घेतला. दोन घास खाल्ले आणि थांबल्या. बोटांत चिकनचा कण होता. त्या ओरडल्या नाहीत. प्लेट टेबलावर ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी विचारलं होतं ना गं बाई."

मी पैसे परत द्यायला धावले. त्यांनी घेतले नाहीत. ते चाळीस रुपये आमच्या हिशेबाच्या वहीत आजही वेगळे लिहिलेले आहेत. त्या आजी आमच्या स्टॉलवर पुन्हा कधी आल्या नाहीत.

पाकिटाच्या मागचं वाचून आम्ही हसलो होतो, पण त्या पाकिटावर आत काय आहे ते निदान छापलेलं तरी होतं. आम्ही तोंडाने सांगितलेलं खरं ठेवलं नाही. म्हणून तेव्हापासून आमच्या गटाचे चार नियम आहेत. प्रत्येक पातेल्यासमोर पाटी: चिकन, मटण, सोयाबीन, जे असेल ते नाव घेऊन. शाकाहारी पातेलं, पळी, तवा आणि वाढणारी ताईसुद्धा वेगळी. पळी कमी पडली तर विक्री थांबवायची, पळी वाटून घ्यायची नाही. आणि शिजलेला खिमा मंद आचेवर वाफाळता ठेवायचा. गार पडून दोन तास झालेला खिमा कितीही वाईट वाटलं तरी टाकून द्यायचा.

हिशेबही सांगते. आमच्याकडे अर्धा किलो चिकन खिमा १६० रुपये, पीठ २०, तेल २५, कांदा-टोमॅटो-कोबी-चक्का ४०, मसाला १५, गॅस १५, कागदी प्लेटा १२. एकूण २८७ रुपये, म्हणजे एक टाको साधारण २४ रुपयांना पडला. आम्ही ४० ला विकतो. वरच्या सोळा रुपयांत आपली मजुरी आहे हे विसरू नका. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, म्हणून आपला कागद आपणच मांडा.

नुसता मसाला पाकिटात भरून विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली गटाची नोंदणी करून घ्या. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, नोंदणी क्रमांक, गटाचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण छापा. अक्षरं जरा मोठी ठेवा. कोणीतरी ताई ते पाकीट घडी करून आपल्या बैठकीत नेईल आणि मोठ्याने वाचून घेईल. त्यात लिहिलेलं सगळं खरं असलं पाहिजे.

या आठवड्यात घरी एकदा करून बघा. मुलांना भाकरी नको असते, पण दुमडलेली भाकरी दोन-दोन मागतात, हा माझा स्वतःच्या घरचा अनुभव. येते मी. नमस्कार.