उपवासात डोळे पिवळे का दिसतात?

कडक उपवास घडला किंवा ताप आला, की काहींचे डोळे पिवळसर दिसतात. काविळीच्या धास्तीने तपासणी होते, तर बिलिरुबिन थोडे वाढलेले, बाकी यकृत ठणठणीत!

तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की हिमोग्लोबिनपासून पिवळे बिलिरुबिन बनते. तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, तसे तेही पाण्यात विरघळत नाही. यकृतातले एक विकर त्याला साखरेपासून बनलेला रेणू जोडते, तेव्हा कुठे ते पित्तावाटे बाहेर पडते.

१९०१ मध्ये फ्रान्समध्ये वर्णन झालेल्या ‘गिल्बर्ट सिंड्रोम’मध्ये हे विकर कमी बनते, साधारण ३० टक्केच. बहुतेकदा कारण एवढेच, की या विकराचे जनुक चालू करणाऱ्या भागात डीएनएच्या दोन अक्षरांची जोडी ६ ऐवजी ७ वेळा येते. एरवी एवढ्यावर भागून जाते. उपाशीपोटी बिलिरुबिन साचते. उपचार लागत नाहीत.

‘क्रिग्लर-नज्जर’ या आजाराच्या पहिल्या प्रकारात मात्र हे विकर जवळपास नसतेच. बिलिरुबिन बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते, म्हणून त्याला रोज कित्येक तास निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागते.

गिल्बर्टचे निदान झालेल्यांनी ते डॉक्टरांना जरूर सांगावे; कर्करोगावरच्या इरिनोटेकानसारख्या औषधाचा निचराही याच विकरावर अवलंबून असतो.